एकसष्ट मिस्ड कॉल

"म्हणजे हे जोडलेलंच नाहीये?" नेरिसाने विचारलं.

साउंडवाला लेनर्ड गुडघ्यांवर बसून स्टेजवरच्या वायरींना चिकटपट्ट्या मारत होता. साठीचा माणूस, कानावर पेन्सिल. त्याने वर बघायचीही तसदी घेतली नाही. "कशाला जोडायचं? गाणं आमच्या मशीनमधून जाणार. तुम्ही मागे उभं राहायचं, तबकडी फिरवायची, मान डोलवायची. टीव्हीवर छान दिसतं."

"आणि मी तबकडी मागे ओढली तर?"

"ओढा की खुशाल. कुणाला ऐकू जाणार नाही."

 समोर दोन टर्नटेबल चकाचक पुसून ठेवलेले, वर निळा दिवा सोडलेला, आणि आत जीवच नाही. दुकानाच्या काचेत प्लास्टिकचा केक ठेवतात तसली गत. तिने तबकडीला बोट लावलं. फिरली. निदान फिरत तरी होती.

दुपारचे तीन वाजले होते. संध्याकाळी आठ वाजून वीस मिनिटांनी रॅपर मीटर, ज्याची ती डीजे होती, या स्टेजवर येणार होता आणि अख्खा देश त्याला बघणार होता. थेट. दोन मिनिटं पन्नास सेकंद. चॅनेलच्या हेडफोनवाल्या पोरीने सकाळपासून चारदा बजावलं होतं, "थांबायचं नाही, परत सुरू करायचं नाही, काहीही झालं तरी. तीन मिनिटं झाली की जाहिरात, तुमचं झालेलं असो की नसो."

आता थांबायचं नाही हे ग्राइम रॅपवाल्याला सांगणं म्हणजे काय, ते त्या पोरीला कुठून कळणार! पूर्व लंडनच्या बो भागातल्या कुठल्याही शेंबड्या पोराला विचारा. माइकवरच्या एमसीने एखादी ओळ अशी काही मारली की अंगावर काटा आला, तर डीजेने गाणं तसंच पुढे जाऊ देणं हा अपमान असतो. तबकडी मागे ओढायची, खर्रकन आवाज काढायचा आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. रिलोड. किती रिलोड मिळाले त्यावर माणसाची किंमत. आणि तो मागायचा नसतो बरं का. मागणाऱ्याचं हसं होतं. तो ऐकणाऱ्यांनी द्यायचा.

मीटरला मिळायचे तेवढे रिलोड पूर्व लंडनात कुणाला मिळाले नसतील. त्याचं खरं नाव एबो क्वानसा, पण तोंड सुटलं की विजेच्या मीटरसारखं पळायचं, म्हणून शाळेतच मीटर झाला तो. 'चौदावा मजला' हे त्याचं गाणं. त्यात पहिलं कडवं संपून दुसरं सुरू होणार, तिथे दरवेळी रिलोड. दरवेळी म्हणजे दरवेळी. रेडिओवर असताना, तळघरांतल्या पार्ट्यांत, पुढे क्लबांत, आणि गेल्या वर्षीच्या दौऱ्यात तर लोक त्या जागेची वाट बघत उभे राहायचे. वर्तमानपत्रात छापूनसुद्धा आलं होतं.

का ते मात्र एकट्या नेरिसाला माहीत होतं. तिथे मीटर अडकायचा.

दुसऱ्या कडव्याची पहिली ओळ होती, "बाप गेला मंगळवारी, बूट ठेवून गेला." ती ओळ जवळ आली की त्याचा डावा खांदा कानाकडे सरकायचा. जेमतेम बोटभर. त्याला स्वतःला पत्ता नसायचा. खांदा वर गेला की पुढच्या दोन ठोक्यांत त्याच्या डोक्यातून ओळ पुसली जाणार, हे ठरलेलं. मग नेरिसा तबकडी ओढायची. लोक ओरडायचे, तो हसायचा, घोटभर पाणी प्यायचा, पहिलं कडवं पुन्हा म्हणायचा आणि त्या जोरात दुसऱ्यात शिरायचा. बारा वर्षं. बारा वर्षांत ते गाणं लोकांपुढे एका दमात सरळ शेवटापर्यंत त्याने एकदाही म्हटलेलं नव्हतं. स्टुडिओत तुकड्या-तुकड्याने म्हणता येतं, तिथे काही अडत नाही. आणि आजच्या तालमीत? साहेब आवाज राखून ठेवत होते! नुसते ओठ हलवले.

"लेनर्ड," ती खाली वाकून म्हणाली, "एक काम करा ना. एकच टर्नटेबल जोडून द्या."

"नाही जमायचं."

"एक वायर टाकायची फक्त. मी टाकते हवं तर."

आता लेनर्डने वर पाहिलं. माणूस वाईट नव्हता. "हे बघा, बाई. वरून आलेलं आहे. मी जोडलं आणि तुम्ही मध्येच गाणं थांबवलंत, तर उद्या मी घरी. तुम्ही लोक थांबवता, ते ऐकलंय आम्ही."

तुम्ही लोक! दुसरा दिवस असता तर नेरिसाने त्याची चांगली हजेरी घेतली असती. बारा वर्षांपूर्वी हेच संगीत वाजतं म्हणून क्लबांचे दरवाजे बंद व्हायचे, चोरट्या रेडिओची छतावरची अँटेना सरकारी माणसं कापून न्यायची आणि पोरं आठवड्याच्या आत दुसरी चढवायची. आज त्याच संगीताला फुलं आणि निळे दिवे. पण वायर द्यायला नको.  आज बोलून उपयोग नव्हता.

आता मीटरला सांगायला हवं होतं. पण सांगायचं काय? टर्नटेबल मेलेलं आहे, एवढंच? तो म्हणेल, बरं मग, आज रिलोड नाही, सरळ म्हणतो. आणि सरळ म्हणायला जाऊन तोंडावर आपटेल. की दुसरंही सांगायचं? की बाबा रे, तू अडकतोस. कायम अडकत आलायस. पाच तास आधी?

ती त्याच्या खोलीकडे निघाली. लांबलचक कॉरिडॉर, दोन्ही बाजूंना नावांच्या पाट्या. चालताना ती वाक्य जुळवत होती आणि दर दहा पावलांवर मोडत होती.

खोलीत मीटर खुर्चीत पाय पसरून बसला होता. सहा फूट उंची, नवाकोरा पांढरा ट्रॅकसूट. शेजारी त्याची आई, आराबा आंटी, डोक्याला सोनेरी कापड बांधून, मांडीवर आइस्क्रीमचा जुना डबा घेऊन. डब्यात आल्या-मिरचीत घोळून तळलेली केळी होती. सगळ्या खोलीत तोच वास.

"आली का गं बाई," आंटी म्हणाली. "खा. गालफडं बसलीयत तुझी. या पोराने तर सकाळपासून नुसतं पाणी ढोसलंय."

"आंटी, नको आत्ता."

"नको काय? हात पुढे कर."

नेरिसाने एक फोड तोंडात टाकली. 

"मीटर, जरा बोलायचं होतं," ती म्हणाली.

"बोल ना."

"बाहेर."

"हिच्यासमोर बोल. हिच्यापासून काय लपवायचंय? चौदा मजले पिशव्या घेऊन चढलीय ही बाई, लिफ्ट बंद असताना." तो हसला. मग तिच्या तोंडाकडे बघून थांबला. "अगं नेरी, घाबरलीस की काय तू? तू? तोंड बघ तुझं!"

"मी कशाला घाबरू?"

"घाबरलीय, घाबरलीय! आई, बघ हिला. पोलीस दार ठोकत असताना जी बाई शांतपणे रेकॉर्ड पेटीत भरायची, तिला टीव्हीची भीती वाटतेय."

"गप रे," नेरिसा म्हणाली. "ऐक. आज रिलोड नाहीये."

"माहितीय. त्या पोरीने कान किटवलेत. सरळ म्हणायचं."

"तू सरळ कधी म्हटलंयस ते?"

तो गोंधळला. "म्हणजे?"

झालं, दार उघडलं होतं. आता आत जायचं फक्त. "म्हणजे तू... तिथे आपण नेहमी थांबतो ना. सवय नाही. आत्ता बसून एकदा सलग म्हणून बघू. आत्ताच."

"मी लिहिलंय ते गाणं, बये. झोपेत म्हणेन." मीटर पुढे सरकला, कोपरं गुडघ्यांवर टेकली. मस्करी संपली होती. "नेरी, तुला सांगतो, मला आज भीती का वाटत नाहीये माहितीय? सकाळी उठल्यावर वाटली होती.  मग तो रविवार आठवला. एकसष्ट."



"आई, तुला सांगितलं होतं ना मी?" तो म्हणाला.

"शंभरदा," आंटी म्हणाली.

"एकशे एकावी ऐक. सतरा वर्षांचा होतो. बाप मंगळवारी गेला, रविवारी आमचा शो. कॉलेजातून काढलेलं, सोमवारपासून गोदामात कामाला जायचं ठरलेलं. रेडिओ शेवटचा म्हणून गेलो होतो मी. नेरीला पण सांगितलं नव्हतं. आणि त्या दिवशी पहिल्यांदा हे गाणं म्हटलं. चार रिलोड! एका गाण्याला चार! आणि नंतर ही काय म्हणाली? एकसष्ट मिस्ड कॉल. एकसष्ट घरांत, एकसष्ट गाड्यांत कुणीतरी बसलंय आणि त्याला मी पुन्हा हवाय. मी गोदामात गेलोच नाही. आज मी कुठेही कच खायला लागलो ना, की तो आकडा म्हणतो मनात. देवाचं नाव घेतात तसा." तो मागे रेलला. "आता बोल, काय सांगायचं होतं?"

काय सांगणार? सांगा ना तुम्हीच.

तेव्हाचं त्यांचं चोरटं रेडिओ स्टेशन, रूफलाइन एफएम, म्हणजे रिकाम्या फ्लॅटचं एक स्वयंपाकघर होतं. खिडकीला ब्लँकेट, सिंकवर फळी, फळीवर दोन टर्नटेबल. स्टेशनचा मोबाइल खिडकीच्या कडीला टांगलेला असायचा, कारण रेंज तिथेच यायची. बोलायला कुणी फोन करायचं नाही. एखादी ओळ आवडली की एक रिंग द्यायची आणि कापायचा. धडाधड मिस्ड कॉल आले की डीजे तबकडी ओढणार. फोन नेरिसाच्या बाजूला. मीटर फ्रिजकडे तोंड करून उभा, डोळे मिटलेले. त्याला फोन कधी दिसायचाच नाही. हेडफोन घातल्यावर ऐकूही यायचा नाही.

त्या रविवारी गाणं सुरू झालं तेव्हा फोन विझलेला होता. चार्जर कुणीतरी घरी नेला होता. ती विझलेल्या फोनकडे बघत होती आणि हा पोरगा बुटांपाशी येऊन अडकला. खांदा वर गेला. तिने ओढली. दुसऱ्यांदा अडकला, ओढली. चार वेळा. पाचव्यांदा तो रडत रडत पार गेला, आणि हेडफोन काढून त्याने विचारलं, "किती आले?" त्याचे डोळे असे होते की तिच्या तोंडून निघून गेलं. एकसष्ट. साठ म्हणाली असती तर खोटं वाटलं असतं म्हणून एकसष्ट.

"काही नाही," नेरिसा म्हणाली. "पाणी कमी पी म्हणायचं होतं."

ती बाहेर आली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. चुकलं होतं तिचं. तेव्हा नाही, तेव्हाचं तिला आजही चुकलंसं वाटत नव्हतं. पण नंतर कधीतरी सांगायला हवं होतं. पहिल्या वर्षी सांगितलं असतं तर दोघं हसले असते. सातव्या वर्षी तो रुसला असता. आता त्या आकड्यावर त्याने अख्खं घर बांधलं होतं, आणि विटा काढायला तिला आजचाच दिवस सापडला होता.

त्यानंतरचे तास कसे गेले ते तिचं तिलाच ठाऊक. दोनदा लेनर्डकडे जाऊन आली. दुसऱ्यांदा त्याने नुसती नकाराची मान हलवली आणि तिला पेपरमिंटची गोळी दिली. संडासात जाऊन तिने गाणं पुटपुटत घड्याळावर मोजून बघितलं. बूट एक मिनिट बावीस सेकंदांवर येत होते. एक बावीस, एक बावीस. तो आकडा तिच्या डोक्यातून हलेना.

आठ वाजता सभागृह भरलं. खाली सूट-टायमधली मोठी माणसं, वरच्या सज्ज्यात बो आणि जवळच्या प्लेस्टो भागातली पोरं, आता पोटं सुटलेली, काहींच्या कडेवर मुलं. त्यांच्यासाठी मीटरने भांडून तिकिटं मिळवली होती. आंटी पहिल्या रांगेत. हेडफोनवाल्या पोरीने बोटं दाखवली, पाच, चार, तीन.

सुरुवात तर अशी झाली की विचारू नका. "लिफ्ट बंद, जिना पाठ, चौदा मजले दम, आईची शिफ्ट पहाटेची, झोप तिची कम!" आवाज खणखणीत, एकेक शब्द जागेवर. मोठी माणसं खुर्चीत पुढे सरकली. सज्जा उभा राहिला. नेरिसा मागे मेलेली तबकडी फिरवत, मान डोलवत उभी होती आणि तिचे डोळे त्याच्या डाव्या खांद्यावर खिळलेले होते.

एक मिनिट. एक दहा. जाशील रे पार, ती मनात म्हणत होती. जा. आज जा. सगळं माझ्या डोक्यावर येऊ दे, पण जा.

एक अठरा. खांदा वर सरकला.

तिने ठरवलं वगैरे काही नाही. बारा वर्षांचा हात तो, त्याला कोण विचारणार? हाताने तबकडी धरली आणि सर्रकन मागे ओढली.

गाणं चालूच राहिलं.

बास धडधडत होता, ठोके पडत होते, आणि त्यात मीटरचा आवाज नव्हता. एक ओळ रिकामी गेली. दुसरी गेली. तो तोंड उघडून उभा होता. अख्ख्या देशाच्या घराघरांत तो तसाच उभा होता. त्याने वळून मागे पाहिलं.

नेरिसाचा हात अजून तबकडीवर होता. ती वेड्यासारखी मागे ओढत होती, पुन्हा ओढत होती, आणि गाण्याला त्याचं काही सोयरसुतक नव्हतं. मीटरने तिचा हात पाहिला. मग तिचं तोंड पाहिलं. तो काही मूर्ख नव्हता. सभागृहात कुणीही रिलोड मागितला नव्हता, कुणी ओरडलं नव्हतं, तरी हिचा हात तबकडी ओढत होता. तो अडकला म्हणून. त्याला काय काय कळलं ते तिने त्याच्या डोळ्यांत घडताना पाहिलं, आणि तिला वाटलं, स्टेज फाटावं आणि आपण खाली जावं.

तो पुढे वळला. उजवा हात वर केला, बोट हवेत गोल फिरवलं आणि माइकमध्ये म्हणाला, "पुन्हा. पहिल्यापासून."

आणि चालत्या गाण्यावर त्याने पहिलं कडवं पुन्हा सुरू केलं. लिफ्ट बंद, जिना पाठ. खालची माणसं टाळ्या पिटत उठली. त्यांना वाटलं, काय ही ऐट! वरचा सज्जा मात्र गप्प झाला. स्वतःचा रिलोड स्वतः मागणारा एमसी त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. मग त्यांच्यातल्या कुणीतरी कठड्यावर तळहात आपटला, आणखी कुणी आपटला, आणि थोड्याच वेळात सगळा सज्जा कठडा बडवून त्याला रिलोड द्यायला लागला. मीटरने कडवं संपवलं. गाणं संपलं. दोन पन्नास.

मागे कॉरिडॉरमध्ये जो तो त्याची पाठ थोपटत होता. हेडफोनवाली पोरगी म्हणाली, कमाल केलीत, आधी सांगायचं तरी! आंटीने येऊन त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं.

"आज बुटांपाशी पोचलाच नाहीस," ती हळूच म्हणाली.

"नाही पोचलो, आई."

"असू दे," ती म्हणाली आणि गाडीकडे निघाली.

मग दोघंच उरले. नेरिसा रेकॉर्डची पेटी बंद करत होती, कडी लागत नव्हती.

"टर्नटेबल जोडलेलं नव्हतं," मीटर म्हणाला.

"नाही."

"तुला कधीपासून माहीत होतं?"

"तीन वाजल्यापासून."

"म्हणून आली होतीस खोलीत."

तिने हो म्हणून मान हलवली.  मग तो म्हणाला, "त्या रविवारी फोन किती वेळा वाजला होता?"

"मीटर, तू..."

"नेरी. किती?"

"वाजलाच नव्हता," ती म्हणाली. "चार्जिंग नव्हतं. तू अडकत होतास आणि मी ओढत होते. मी सांगायला हवं होतं. दरवर्षी म्हणायचे, आता सांगते. माझी जीभच रेटली नाही रे."

त्याने तोंडावरून हात फिरवला. "म्हणजे कुणीच नव्हतं."

"मी होते ना."

 तो काही म्हणेल असं तिला वाटलं, शिवी तरी देईल. पण तो वळला आणि कॉरिडॉरच्या टोकाला असलेल्या दारातून बाहेर गेला. दार त्याच्यामागे आपोआप बंद झालं.

नेरिसाने पेटीची कडी कशीबशी लावली. गेला, तिला वाटलं. बारा वर्षं गेली. तिने पेटी उचलली, दोन पावलं टाकली आणि तिच्या खिशात फोन वाजला. एकदाच. हात घालेपर्यंत बंद झाला. पडद्यावर मीटरचं नाव होतं.

ती फोन हातात धरून उभी राहिली. पुन्हा वाजला, एक रिंग, आणि बंद. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा तिने पेटी खाली ठेवली, तिच्यावरच मटकन बसली आणि रडत रडत मोजायला लागली.